जयवंत राऊतच्या घरातला सदरा

कांदिवली गावठाणात जयवंत राऊतचं घर आहे. खाली दोन खोल्या, मागे पडवी, वर माळा. बेचाळीसच्या चळवळीत हा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला, तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. आईवडील होते तोवर ते घर राहतं होतं. त्यांच्यानंतर ट्रस्ट झाला आणि दर रविवारी लोकांना ते बघता येऊ लागलं. जयवंतचा चरखा, त्याचा चष्मा, तुरुंगातलं ॲल्युमिनियमचं ताट, आणि पुढच्या खोलीत मधोमध काचेच्या पेटीत त्याचा खादीचा सदरा. गोळी लागली तेव्हा तो अंगात होता. आम्ही दोघं-तिघं आपखुशीने येऊन माहिती सांगायचो. इंग्रजीतून विचारणारं कुणी आलं तर मी. बाकी सगळ्यांना भाऊराव तोंडवळकर.

भाऊराव पहिल्यांदा आले ते चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर, नुसते बघायला म्हणून. सगळं बघून झालं तरी जाईनात. ट्रस्टचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश चुरी कुलूप घेऊन उठले तेव्हा म्हणाले, "मी येत जाऊ का रविवारचा? केरवाराही करीन."

"आपण करता काय?" चुरींनी विचारलं.

"संपावर आहे."

गिरण्यांचा संप तेव्हा कुणी मागे घेतला नव्हता आणि कुणी चालवतही नव्हतं. चुरी हसले आणि हो म्हणाले.

भाऊराव मागावर काम केलेले. खात्यातल्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे त्यांचा आवाज मोठा होता आणि बोलताना ते समोरच्याच्या ओठांकडे बघत. शाळेच्या सहली आल्या की पोरं पहिल्या वाक्याला गप्प होत. पण त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट मला सुरुवातीपासून चमत्कारिक वाटे. जयवंतचं शिक्षण, सूतकताई, तुरुंग हे सगळं ते भराभर उरकायचे. गोळीही दोन वाक्यांत. मग अंत्ययात्रा यायची, आणि तिथे त्यांचा पाय निघत नसे.

"मालाडपासून बोरिवलीपर्यंत एक दुकान उघडं नव्हतं. खांदा द्यायला माणसं ताटकळत होती. एकाने खांदा लावला की दुसरा म्हणायचा, बस झालं रे, आता मला दे. बाप पुढे मडकं घेऊन चालत होता. त्याला मागे वळून बघावंसुद्धा लागलं नाही. किती माणसं आहेत ते पायांच्या आवाजावरून कळत होतं."

एकदा मी विचारलं, "भाऊराव, हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचायला कशाला पाहिजे, बाई? तसंच असणार ना?"

ते असं का सांगत, हे मला पुढे त्यांच्या पत्नीकडून, रतनबाईंकडून कळलं. ते इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

त्यांना एकच मुलगा होता, नंदू. बापाच्याच गिरणीत बदली कामगार. मालाडच्या पूर्वेला एका चाळीत हे तिघं राहत, आणि त्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं गिरणीवाल्यांची होती. संप सुरू झाला तेव्हा बापलेक दोघंही बाहेर पडले. वर्ष सरत आलं तसे काही जण गुपचूप कामावर जाऊ लागले. त्यांच्यात एक दिवस नंदूही गेला. भाऊरावांना कळलं तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याच्या पगाराचे तांदूळ घरात आले त्या दिवशी ते ताटावरून उठले, आणि मग मेव्हणा सहदेव याच्याकडे जाऊन जेवू लागले. पुढच्या काही आठवड्यांतच, कामावर जाताना नंदूला कुणीतरी गाठलं आणि काखेखाली सुरा मारला. कोण ते कधीच कळलं नाही. खटला उभा राहिला नाही.

चाळीत माणूस गेलं की तळमजल्यावरच्या फळ्यावर खडूने नाव लिहायची रीत होती. किती वाजता नेणार तेही लिहीत, म्हणजे कामावरून येणारे थेट येत. नंदूचं नाव कुणी लिहिलं नाही. फळ्याचा खडू असे खंडू परबकडे. हा चाळीतल्या संपवाल्यांचा पुढारी. त्याने दारोदार जाऊन सांगितलं होतं की फितुराला खांदा द्यायचा नाही. दारं लावलेली होती, आणि दारांमागे माणसं उभी आहेत हे ऐकू येत होतं. बाप, मामा आणि रस्त्यावरून बोलावून आणलेले दोन हमाल अशा चौघांनी नंदूला नेलं. मडकं बापाने धरायचं, पण भाऊरावांवाचून चौथा खांदा नव्हता, म्हणून मडकं रतनबाईंनी धरलं. खाली अंगणात पोचल्यावर मात्र दारं उघडली आणि चाळीने ते गॅलरीतून पाहिलं.

पुढे पोलिसांनी नंदूच्या कपड्यांचं गाठोडं परत दिलं. ते मार्वेच्या खाडीत सोडून आलो, असं भाऊरावांनी घरी सांगितलं.

आता सदऱ्याचं. दर वर्षी नऊ ऑगस्टला या घरात कार्यक्रम असतो. त्याआधी पेटी उघडून साफ करायची आणि डांबराच्या गोळ्या बदलायच्या, हे काम आणि पेटीची किल्ली भाऊरावांकडे होती. शहाऐंशी साली कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मी आले तेव्हा साफसफाई झाली होती. सदरा तसाच घडी घातलेला, तसाच छातीजवळ तपकिरी डाग, पण कापड आधीपेक्षा भरलेलं, धड दिसत होतं.

"पलटी करून ठेवला," भाऊराव म्हणाले. "खालची बाजू बरी निघाली."

चुरींनी काचेवर वाकून बघितलं. "झकास! आता आणखी दहा वर्षं बघायला नको."

त्या दिवसापासून भाऊराव पेटीला हात टेकून माहिती सांगू लागले. लोकांना चपला दाराशी काढायला लावू लागले. त्याआधी तसा नियम नव्हता. अंत्ययात्रेचं सांगून झालं की म्हणत, "आता एकेकाने पुढे या आणि नमस्कार करा." लोक हात जोडत, कुणी काचेवर डोकं टेकवत. भाऊराव तेव्हा लोकांच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत.

रतनबाई या घरात कधी आल्या नव्हत्या. त्या वर्षी गणपतीनंतरच्या एका रविवारी भाऊराव चष्मा घरी विसरले, तो द्यायला आल्या. बुटक्या, काटक, बोलायला एकदम फटकळ. दारातून मला म्हणाल्या, "बाईनू, आमचे हे खंय आसत?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ हलल्या नाहीत. मग भाऊरावांच्या बाहीला धरून त्यांना पडवीत घेऊन गेल्या. मधे नुसता पडदा होता.

"ह्यो सदरो नंदूचो."

"हळू बोल. माणसां आसत बाहेर."

"मधला बटन मी लावलंय. काळ्या दोऱ्यान. पांढरो दोरो नव्हतो घरात. तुमी काय माका आंधळी समाजलात? खाडयेत सोडलंय म्हणान सांगितलात ना?"

"त्यांचो सदरो कसरीन खाल्ल्यान, रतन. हात लावलंय तर भुको झालो. पेटी रिकामी काय ठेवतलंय?"

"म्हणान माझ्या झिलाचो ठेवलात? माका एक धागो ठेवक नाय तुमी त्याचो!"

"कपाटात ठेवन तू नुसती रडत बसतलंस. हंय माणसां हात जोडतत त्याका. पोरां येतत, तीपण जोडतत. चपलो काढून."

"त्याच्या नावान खंय जोडतत?"

भाऊराव मग म्हणाले, "हात जोडतत ना?"

रतनबाई पडवीच्या पायरीवर बसून राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं, तेव्हा त्यांनी वर जे लिहिलं आहे ते सगळं सांगितलं, मधे मधे नवऱ्याला शिव्या घालत. शेवटी म्हणाल्या, "कोणाक सांगा नको, बाईनू. हे मरतले."

मी कुणाला सांगितलं नाही. रतनबाई मग दर रविवारी येऊ लागल्या. पेटीसमोरच्या बाकावर बसायच्या, घर बंद होईपर्यंत. त्यांनी स्वतः कधी हात जोडलेले मी पाहिले नाहीत. नवऱ्याचं बोलणं ऐकत नुसत्या सदऱ्याकडे बघत राहायच्या. एकदा एका बाईने विचारलं, "तुम्ही जयवंतरावांच्या नात्यातल्या का हो?" तर म्हणाल्या, "बसाक जागा आसा म्हणान बसलंय."

असं वर्ष गेलं.

सत्याऐंशीच्या नऊ ऑगस्टला जयवंतची धाकटी बहीण कुंदाताई नाशिकहून आली. तिला गुडघ्यांमुळे बरीच वर्षं येता आलं नव्हतं. पुढच्या खोलीत पन्नासेक माणसं दाटीने उभी होती. चुरींनी रंगीत पताका लावल्या होत्या. आणि मालाडहून भाऊरावांच्या चाळीतल्या मंडळाची माणसं हार घेऊन आली होती. त्यांच्या पुढे होता खंडू परब. भाऊराव इथे माहिती सांगतात हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण खंडू पहिल्यांदाच येत होता. त्याला बघताच रतनबाई बाकावर ताठ झाल्या.

भाऊरावांनी त्या दिवशी सांगितलं तसं मी त्यांना कधी सांगताना ऐकलं नव्हतं. खंडूकडे बघूनच सगळं बोलत होते. दुकानं बंद, माणसं ताटकळत उभी, बस झालं रे, आता मला दे. खंडूचे डोळे भरून आले. तो पुढे झाला, पेटीवर हार ठेवला आणि काचेवर कपाळ टेकलं. चांगला बराच वेळ. भाऊराव त्याच्या मानेकडे बघत होते. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना जे हवं होतं ते त्या क्षणी मिळालं.

खंडू उठला आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "भाऊ, मस्त ठेवलंयस रे सगळं. ह्याला म्हणतात मरण. नायतर..."

"नायतर काय, खंडू?"

"जाऊ दे ना यार. चांगल्या दिवशी कशाला ते."

तेवढ्यात कुंदाताई खुर्चीवरून म्हणाली, "पेटी उघडा जरा. मला त्याला हात लावू दे."

भाऊराव म्हणाले, "जीर्ण आहे, ताई. तुटेल."

"अहो, बहीण आहे ती त्यांची!" चुरी म्हणाले. "किल्ली काढा."

भाऊरावांनी किल्ली काढली. कुलूप उघडून ते बाजूला झाले. चुरींनीच मग काच उचलली. कुंदाताईने बाहीची कड अंगठा आणि बोटाच्या मधे धरली आणि हळूच चोळली. पुन्हा चोळली. तिचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता.

"हे कुणाचं आहे?"

"जयवंतरावांचं," चुरी म्हणाले.

"जयाच्या सदऱ्याचं सूत मी कातलं होतं. सगळं गाठाळ. तो मला चिडवायचा, कुंदे, अंगात काटे घातलेस म्हणून. हे गुळगुळीत आहे. हे गिरणीचं कापड आहे." तिने हात काढून घेतला. "शाळेत होता तेव्हापासून त्याने गिरणीचं कापड अंगाला लावलं नव्हतं. आणि त्याच्या नावावर हे ठेवलंत?"

चुरी भाऊरावांकडे बघू लागले. जन्मभर मागावर उभं राहिलेल्या माणसाला खादी आणि पॉपलीन यांतला फरक कळला नसेल, हे शक्य नाही. पण पेटीला कुणी हात लावील हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या घरात सगळे फक्त बघायला आणि वाकायला येत.

"तुमचं सूत होतं, ताई," भाऊराव म्हणाले. "त्याला कसर लागली. त्याचा भुगा माळ्यावर डबीत आहे, मी टाकला नाही. हे माझं कापड आहे. आमच्या खात्यातलं. ह्यातला सदरा माझ्या मुलाच्या अंगावर होता. नंदूच्या."

चाळीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. खंडू परबचा हात कपाळाकडे गेला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. घाम पुसतात तसं नाही, काही लागलेलं खरवडून काढावं तसं. मग हार उचलला. म्हणाला, "फितुराच्या सदऱ्याला डोकं टेकवायला लावलंस मला? त्याचाच बाप ना तू? वाट लावलीस भाऊ, सगळ्यांची."

"थांब," भाऊराव म्हणाले. "माहिती सांगायची राहिली आहे."

आणि त्यांनी पेटीच्या काठावर हात टेकून सुरुवात केली, त्याच मोठ्या आवाजात, दर रविवारी करत तशी. नंदू भाऊराव तोंडवळकर. जन्म मालवण तालुक्यात. सातवीपर्यंत शिकला. हार्मोनियम चांगली वाजवायचा. खंडू आणि त्याच्याबरोबरचे लोक पहिल्याच वाक्याला बाहेर पडले. गिरणीत बदलीवर लागला तेव्हा पहिल्या पगारात आईला पातळ आणलं. कुणीतरी "पुरे करा हो" म्हणालं. संपात आधी बाहेर पडला, मग परत गेला. चुरी बाहेर जाऊन लोकांची माफी मागत होते. कुंदाताईला तिच्या मुलीने उठवलं. जाताना तिने डबी मागितली, ती मी माळ्यावरून काढून दिली. बिस्किटाची लहानशी डबी होती. ती पदराखाली धरून, भाऊरावांकडे न बघता ती गेली. भाऊराव बोलतच होते. अंत्ययात्रेपाशी आले. "चार माणसं होती. त्यात दोन हमाल," एवढंच म्हणाले, आणि तिथे थांबले. खोलीत रतनबाई आणि मी, दोघीच उरलो होतो.

त्यांनी सवयीने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

"माका सांगूचा आसा," रतनबाई म्हणाल्या. त्या बाकावरून उठल्या नाहीत. "परत गेलो म्हणतात, पण तो आपणान गेलो नाय. मी धाडलंय त्याका."

भाऊराव त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"घरात शिजवक काय नव्हता. तुमका सांगूक भियालंय. तुमच्यापुढे संपाचा नाव काढायची सोय होती? त्याका सांगितलंय. तो नको नको म्हणी होतो. बाबा जीव घेतीत म्हणी होतो. मी म्हटलंय, बापाशीचो संप बापाशीक, तू जा. ता पण सांगा आता लोकांका. माहिती पुरी सांगा."

भाऊरावांनी पेटीवरचा हात काढला. सदरा उचलला, घडी न मोडता रतनबाईंच्या शेजारी बाकावर ठेवला आणि निघून गेले. रतनबाईंनी तो लगेच उचलला नाही. मग दोन्ही हातांनी उचलून नाकाशी नेला, आणि खाली घेतला.

"डांबराच्या गोळ्यांचो वास येता," म्हणाल्या. "दुसरो कसलो नाय."

चुरींनी भाऊरावांना पुन्हा येऊ नका असा निरोप पाठवला. त्याची गरज नव्हती. पेटीत आता जयवंतचा मोठा केलेला फोटो आहे.

दिवाळीच्या सुमाराला मी मालाडला त्यांच्याकडे गेले. संध्याकाळची वेळ होती. भाऊराव चाळीच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते आणि अंगात तो सदरा होता. धुऊन इस्त्री केलेला, छातीवर फिकट डाग, काखेखालची फाट तशीच, शिवलेली नव्हती. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली आणि वर जाण्यापुरती जागा दिली.

वर रतनबाई स्टोव्ह पेटवत होत्या. "माझ्याशी बोलणत नाय," त्या म्हणाल्या. "नऊ ऑगस्टाधरना. सदरो मात्र रोज धुवन ठेवूक लागता. रात्री घासतंय, सकाळी वाळता, सांजचो घालून खाली बसतत. मी शिवूक घेतलंय तर हातातसून काढून घेतल्यानी."

"आणि चाळीतले लोक?"

"लोक काय. पोरांका बजावलानी हत, त्येंच्याकडे बघू नको म्हणान."

चहा घेऊन मी खाली आले तेव्हा भाऊराव तिथेच बसले होते. समोरून खंडू परब येत होता, हातात पिशवी. जिना चढायचा तर भाऊरावांच्या अंगाला घासूनच जावं लागलं असतं. तो काही पावलांवर थांबला, सदऱ्याकडे बघितलं, आणि वळून चाळीच्या पलीकडच्या टोकाच्या जिन्याने वर गेला.

भाऊराव उठले. सदऱ्याची मागची धूळ झटकली.

"झालं आजचं," म्हणाले, आणि वर जेवायला गेले.